गुणांकाचा न्याय



वाचनालयाच्या दिव्याखाली वर्षभर अभ्यास करणाऱ्या मुलाचे भवितव्य तीन तासांत ठरते. ४ मे २०२५ रोजी इंदूरमध्ये वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा चालू असता वादळामुळे काही केंद्रांवरील वीज गेली. १८० मिनिटांत १८० प्रश्न. अचूक उत्तरास ४ गुण, चुकल्यास १ वजा. दोनचार गुणांनी अनुक्रमांक हजारोंनी घसरतो आणि शासकीय महाविद्यालयातील जागा हातची जाते.

उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात ३० जूनला एकसदस्यीय पीठाने याचिकाकर्त्यांच्या फेरपरीक्षेचा आदेश दिला. १४ जुलैला द्विसदस्यीय पीठाने तो रद्द केला.

अंधारामुळे राहिलेला प्रश्न आणि न आलेला प्रश्न उत्तरपत्रिकेवर सारखेच कोरे दिसतात. सर्वांस एकच मापदंड हे न्याय्यच. परंतु मापताना उजेडही सर्वांस सारखाच लाभावयास हवा.