हातोड्याखालचा वारसा



‘लिलाव’ हा शब्द पोर्तुगिजांकडून मराठीत आला आणि येथील शेतकऱ्याच्या जीवनात इतका खोल रुजला की त्याचे परकेपण कोणाच्या ध्यानातही राहिले नाही. बाजार समितीच्या आवारातील कांद्याचा लिलाव आणि थकलेल्या कर्जापायी होणारा जमिनीचा, बैलजोडीचा लिलाव, असे त्याचे दोन प्रकार खेड्यातील माणसाच्या परिचयाचे आहेत. पहिल्यात विकणारे शेकडो आणि घेणारे मूठभर असतात. दुसऱ्यात विकल्या जाणाऱ्या वस्तूच्या धन्याची संमतीच नसते. आज विचार करावयाचा आहे तो तिसऱ्या प्रकाराचा. लंडन, न्यूयॉर्क वा हाँगकाँग येथील लिलावगृहांत जुन्या तलवारी, मूर्ती, रत्ने आणि हस्तलिखिते विकली जातात. तेथे वस्तू एक, विकणारा एक आणि बोली लावणारे मात्र साऱ्या जगातील धनिक. वरवर पाहता श्रमिकांच्या चळवळीचा या व्यवहाराशी संबंध नाही असे वाटेल. तो आहे, आणि निकटचा आहे.

२९ एप्रिल २०२५ रोजी लंडनच्या सदबीज या लिलावगृहात नागपूरकर रघूजी भोसले यांच्या नावाची तलवार विक्रीस निघाली. महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत ती ४७ लाख १५ हजार रुपये खर्चून मिळविली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती मुंबईत आली. तिचे स्वागत झाले, मिरवणूक निघाली. लोकांचा तो आनंद खरा होता. त्याची टिंगल करणे अनुचित ठरेल. परंतु मिरवणूक संपल्यावर एक प्रश्न शिल्लक राहतो. लोकांनी आपल्या कराच्या पैशातून कोणाची वस्तू विकत घेतली?

नागपूरच्या संपत्तीचा इतिहास ध्यानात घेतला म्हणजे या प्रश्नाचे गांभीर्य कळते. १८१७ साली सीताबर्डीच्या लढाईत भोसल्यांचा पाडाव झाला. १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने ते राज्य खालसा केले. त्यानंतर राजवाडा रिकामा करण्यात आला. हत्ती, घोडे, बैल विक्रीसाठी सीताबर्डीला नेले गेले. जवाहीर कलकत्त्याच्या बाजारात गेले. राजघराण्यातील स्त्रियांनी विरोध केला, तो चालला नाही. म्हणजे या घराण्याची संपत्ती हातोड्याखाली जाण्याची ही पहिली वेळ नव्हे. प्रस्तुत तलवार युद्धातील लुटीत किंवा नजराण्यात परदेशी गेली असावी, असे शासनानेच सांगितले. ती नेमकी कोणत्या मार्गाने गेली हे कागदावर नाही, आणि विक्रीला त्याची काही अडचणही झाली नाही.

येथे राजेशाहीचा कैवार घेण्याचा हेतू नाही. भोसल्यांची रत्ने ही रयतेच्या घामातूनच जमा झाली होती, आणि त्यांच्या फौजांनी बंगाल-ओरिसातील रयतेस दिलेला त्रासही इतिहासात नमूद आहे. म्हणूनच या संपत्तीवर खरा हक्क कोणा वंशजाचा नाही तसा लुटारूचाही नाही. तो हक्क समाजाचा आहे, आणि समाजाचा हक्क बुडविण्याचे साधन म्हणून लिलावाचा उपयोग झाला, हा मुख्य मुद्दा आहे.

१८६८ साली इथिओपियात मकदाला येथे ब्रिटिश सैन्याने सम्राट थिओडोरचा किल्ला जिंकला. किल्ल्यातील व तेथील चर्चमधील मुकुट, हस्तलिखिते, पूजापात्रे हत्तींवर आणि खेचरांवर लादून तळावर आणण्यात आली आणि सैन्याच्या देखरेखीखाली त्यांचा जाहीर लिलाव झाला. ब्रिटिश म्युझियमचा प्रतिनिधी पैसे घेऊन तेथे हजर होता. जमलेली रक्कम सैनिकांत वाटण्यात आली. या एका उदाहरणात सारी प्रक्रिया स्वच्छ दिसते. सकाळी जी वस्तू लूट होती, ती संध्याकाळी पावती असलेली मालमत्ता झाली. श्रीरंगपट्टण येथे १७९९ साली टिपू पडल्यानंतर लुटीच्या वाटपासाठी रीतसर समितीच नेमली गेली होती. सेनानी बेअर्डला मिळालेली टिपूची तलवार २०२३ च्या मे महिन्यात लंडनला सुमारे १ कोटी ४० लाख पौंडांना विकली गेली.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या किमतीचे स्वरूप काय आहे? सीताबर्डीची लढाई ज्या साली झाली त्याच १८१७ साली डेव्हिड रिकार्डोचा प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित झाला. श्रमाला मूल्याचा आधार मानणाऱ्या या अर्थशास्त्रज्ञाने आरंभीच एक अपवाद नोंदविला आहे. दुर्मिळ पुतळे, चित्रे, ग्रंथ, नाणी यांचा पुरवठा कितीही श्रम केले तरी वाढत नाही. म्हणून त्यांची किंमत ती बाळगू इच्छिणाऱ्यांच्या संपत्तीवर आणि हौसेवर अवलंबून राहते. तेव्हा अशा लिलावातील किंमत म्हणजे वस्तूच्या थोरवीचे माप नव्हे. जगात संपत्तीचे केंद्रीकरण किती झाले आहे, याचे ते माप आहे.

मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कला महात्मा गांधींचा चष्मा, चपला, घड्याळ, ताट व वाटी यांचा लिलाव झाला. आयुष्यभर अपरिग्रहाचे व्रत चालविणाऱ्या माणसाच्या या वस्तूंना १८ लाख डॉलर आले, आणि घेणारे होते मद्याचे कारखानदार विजय मल्ल्या. या व्यवहारावर अधिक भाष्याची गरज नाही.

आता सरकार बोली लावते तेव्हा काय घडते ते पाहू. एक म्हणजे, विकणाऱ्याची मालकी मान्य केली जाते. विकत घेतलेल्या वस्तूवर नंतर हक्क सांगता येत नाही. दुसरे म्हणजे, राष्ट्रीय भावनेपायी वाटेल ती रक्कम मोजणारा नवा गिऱ्हाईक बाजारात आल्याचे व्यापाऱ्यांना कळते आणि पुढच्या वस्तूची किंमत वाढते. म्हणजे आपण सोडविलेली प्रत्येक वस्तू पुढच्या वस्तूचे खंडणीमूल्य वाढविते.

पिप्रहवा येथील रत्नांचे प्रकरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. १८९८ साली विल्यम पेपे या इंग्रज जमीनदाराने उत्तर प्रदेशातील आपल्या जमीनदारीतला स्तूप खोदविला. त्यात बुद्धाचे मानले जाणारे अस्थी-अवशेष आणि सुमारे १८०० रत्ने, मणी सापडले. अस्थी सयामच्या राजास देण्यात आल्या, बहुतेक रत्ने कलकत्त्याच्या संग्रहालयात गेली, आणि काही भाग पेपेकडे ठेवू देण्यात आला. तो भाग त्याच्या वंशजांनी ७ मे २०२५ रोजी हाँगकाँगला विक्रीस काढला. भारत सरकारने दोन दिवस आधी कायदेशीर नोटीस दिली, जगभरच्या बौद्धांनी निषेध केला आणि लिलाव तहकूब झाला. येथवर सारे योग्य झाले. परंतु जुलै २०२५ अखेर ३४९ रत्ने परत आली ती गोदरेज उद्योगसमूहाने विकत घेतल्यामुळे, आणि किंमत जाहीर झाली नाही. त्यांतील मोठा भाग राष्ट्रीय संग्रहालयास ५ वर्षांसाठी उसना मिळेल, असे त्या वेळी सांगण्यात आले. कायद्याने अडविलेले दार पैशाने उघडले, आणि ज्या बुद्धाने राज्य सोडले त्याच्यासोबत पुरलेली रत्ने जनतेला मुदतीच्या बोलीवर पाहावयास मिळाली.

कोणी म्हणेल, सरकारने वा उद्योगपतीने घेतले नसते तर ती रत्ने कोणा अब्जाधीशाच्या तिजोरीत गेली असती. हा आक्षेप खरा आहे. म्हणून खरेदी कधीच करू नये असे म्हणता येणार नाही. पण खरेदी हा पहिला उपाय होता कामा नये, कारण दुसरा मार्ग आहे आणि त्याला यश आलेले आहे.

१९७६ साली तंजावर जिल्ह्यातील पाथूर गावी एका भूमिहीन मजुराला खोदताना नटराजाची कांस्यमूर्ती सापडली. त्याच्या हाती काहीशे रुपये पडले. दलालांच्या साखळीतून मूर्ती लंडनला पोहोचली आणि एका कॅनडाच्या कंपनीने ती अडीच लाख पौंडांना घेतली. १९८२ मध्ये लंडनच्या पोलिसांनी ती जप्त केली. तमिळनाडूने खटला लढविला. मूर्तीला चिकटलेली माती आणि वाळवीच्या खुणा यांचा पुरावा पुढे आला, मोडकळीस आलेल्या देवळाचा दावा इंग्रज न्यायालयाने मान्य केला आणि १९९१ मध्ये नटराज परतला. श्रीपुरंदान येथून चोरलेला दुसरा नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ मध्ये ५० लाखांहून अधिक डॉलर मोजून घेतला होता. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने पूर्वी काढून ठेवलेली छायाचित्रे निर्णायक ठरली आणि २०१४ मध्ये ती मूर्ती मोबदल्यावाचून परत द्यावी लागली.

यावरून धडा स्पष्ट आहे. जेथे नोंद होती तेथे हक्क शाबीत झाला. जेथे नोंद नव्हती तेथे पैसे मोजावे लागले. १९७२ चा पुरावस्तू कायदा १९७६ पासून अमलात आहे. शंभर वर्षांपूर्वीची पुरावस्तू खाजगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाही. १९७० च्या युनेस्को करारात भारत १९७७ साली सामील झाला. परंतु तो करार पूर्वलक्षी नाही, आणि नोंदच नसलेली वस्तू केव्हा गेली हे सिद्ध कोण करणार?

म्हणून तीन मागण्या लावून धराव्या लागतील. परदेशी लिलावात येथील वस्तू निघताच शासनाने बोलीपूर्वी जाहीर हक्क सांगावा. अपवाद म्हणून खरेदी करावी लागलीच तर किंमत आणि मध्यस्थ यांची माहिती विधिमंडळासमोर यावी व मालकी कायमची सार्वजनिक असावी. तिसरे, जिल्हावार नोंदणीचे काम पूर्ण व्हावे.

तथापि नोंदणीचे काम केवळ सरकारवर सोपवून भागणार नाही. गावोगावी वेशीवर, पारावर वीरगळ पडून आहेत. जुन्या वाड्यांतील मोडी दप्तरे रद्दीच्या भावाने जात आहेत. देवळांतील ताम्रपट आणि घंटा मोजलेल्या नाहीत. श्रमिक चळवळीचा वारसाही याहून सुरक्षित नाही. संयुक्त महाराष्ट्राची पत्रके, १९८२ च्या गिरणी संपातील हस्तलिखित फलक, युनियनची जुनी रजिस्टरे पोटमाळ्यावर वाळवी खाते आहे. उद्या त्यांनाही हौशी गिऱ्हाईक भेटेल. वस्तू जागेवरून न हलविता तिचे छायाचित्र, माप, जागा आणि तारीख लिहून त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक जिल्हा संग्रहालयात ठेवणे, हे कोणत्याही शाखेच्या आवाक्यातील काम आहे. पुढील अभ्यासवर्गापूर्वी प्रत्येक शाखेने निदान एका गावाची अशी यादी पूर्ण करून आणावी, एवढी अपेक्षा व्यक्त करून हे विवेचन येथे थांबविणे उचित होईल.