थेंबाने कोरलेली गुहा



अजिंठा-वेरूळची लेणी माणसाने छिन्नीने कोरली. आपल्या गडचिरोली जिल्ह्याला लागून असलेल्या बस्तरमध्ये, जगदलपूरजवळ, कुटुमसर गुहा मात्र पाण्याने कोरली आहे.

घरी शहाबादी फरशीवर लिंबाचा रस सांडला की डाग पडतो. कारण फरशी चुनखडीची आणि रस आम्ल. पावसाचे पाणीही हवेतून व कुजलेल्या पाल्यातून कार्बन डायऑक्साइड घेऊन सौम्य आम्ल बनते. ते भेगांत शिरून चुनखडी विरघळवते. लाखो वर्षांत भेगेची गुहा होते. पुढे छतातून ठिबकणाऱ्या थेंबातला वायू उडून जातो आणि विरघळलेला चुना पुन्हा दगड बनतो. छताला लोंबणारे व जमिनीतून वर येणारे लवणस्तंभ असेच घडतात. आजही पावसाळ्यात आत पाणी भरते, म्हणून गुहा बंद ठेवतात.

विद्यार्थ्यांनो, सहलीला गेलात तर आठवण म्हणून तुकडा मोडू नका. बोटभर स्तंभ वाढायला शतके लागतात. मोडलेला तुमच्या नातवंडांनाही पुरा झालेला दिसणार नाही.

पालकहो, अशा सहलीचा खर्च वायफळ समजू नका आणि मुलींनाही पाठवा. पुस्तकातील धडा तेथे डोळ्यांनी वाचता येतो.