रात्री पाय स्वस्थ पडू देत नाहीत तेव्हा



मागे एका गावात बचत गटाची बैठक संपल्यावर एक ताई मागे थांबल्या. हळूच म्हणाल्या, "सिस्टर, झोपेची गोळी द्या. रात्री आडवी झाले की पोटऱ्यांत काहीतरी वळवळतं. पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. अंगणात फेऱ्या मारल्या की बरं वाटतं, पडले की पुन्हा तेच. घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत."

हे मनाचे खेळ नाहीत. डॉक्टर याला रेस्टलेस लेग सिंड्रोम म्हणतात. आपण म्हणू अस्वस्थ पाय. खूण सोपी आहे. बसलं-पडलं की त्रास वाढतो, चाललं की कमी होतो आणि रात्री जास्त होतो. यावर औषधं आहेत, पण सुरुवात झोपेच्या गोळीने करायची नसते.

सुरुवात करायची ती लोहापासून. तुम्ही म्हणाल, "माझं रक्त तर अकरा-बारा आहे." पण हिमोग्लोबिन म्हणजे डब्यातलं पीठ. कणगीत धान्य किती उरलंय, ते फेरिटिन नावाची तपासणी सांगते. डबा भरलेला आणि कणगी रिकामी, असं पुष्कळ बायकांचं असतं. रिपोर्टवर २०-२५ फेरिटिनही 'नॉर्मल' छापलेलं असतं. या आजारात मात्र ते ७५ किंवा त्याहून कमी असेल तर डॉक्टर लोहाची गोळी सुरू करतात. अंगात ताप असताना ही तपासणी करू नका, आकडा खोटा वाढलेला दिसतो.

गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहा, दूध, कॅल्शियमची गोळी यांच्यात दोन तासांचं अंतर ठेवा. शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका. गुण यायला दोन-तीन महिने लागतात. गोळी सोसली नाही किंवा साठा वाढलाच नाही, तर दवाखान्यात शिरेतून लोह देता येतं. पण तपासणी न करता महिनोन् महिने लोह घेऊ नका, जास्तीचं लोहही अपायच करतं.

दुसरी गोष्ट, घरातल्या गोळ्यांची पिशवी डॉक्टरांना दाखवा. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड, सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या, नैराश्यावरची काही औषधं यांनी हा त्रास वाढतो. मात्र नैराश्याची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. बदलायची असेल तर डॉक्टरच बदलतील.

एवढं करूनही रात्री जागूनच जात असतील, तर गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन ही औषधं देतात. त्यांनी गरगरतं, गुंगी येते, म्हणून रात्री उठताना सांभाळून उठा. किडनीचा आजार असेल किंवा दिवस गेले असतील तर आधी सांगा. ही औषधं एकदम थांबवायची नसतात.

प्रॅमिपेक्सोल आणि रोपिनिरोल या गोळ्या पूर्वी सर्रास देत. पहिल्याच रात्री झोप लागते, म्हणून त्या आवडतात. पण काही काळाने त्रास उलटतो. रात्रीची वळवळ दुपारीच सुरू होते, हातांतही येते. कुणाला खर्चाचा किंवा जुगाराचा अनावर नाद लागतो. म्हणून २०२५ साली अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संघटनेने या गोळ्या नेहमीच्या वापरात नकोत असा सल्ला दिला. तुम्ही त्या घेत असाल तर डोस वाढवू नका, एकदम सोडूही नका. डॉक्टरांशी बोला.

गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, हा त्रास बऱ्याच जणींना होतो. बहुतेकींचा बाळंतपणानंतर जातो. तेव्हा आशाताईंनी दिलेली लोहाची गोळी चुकवू नका.

त्या ताईंचं फेरिटिन निघालं ११. तीन महिन्यांनी भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "अजून एखादी रात्र जाते अंगणात, पण रोज नाही."

तुमच्या गटातही अशी कुणी असेल, जी सांगायला लाजत असेल. पुढच्या बैठकीत एवढंच विचारा, "रात्री पाय स्वस्थ पडू देतात का गं?"