भोपळ्याचा वेल मातीत केव्हा व कसा दाबावा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘तुम्हांला जे ठाऊक आहे त्यावर चार शब्द बोला,’ असे आपल्या चिटणीसबाईंनी मला सांगितले. मी सातवीपर्यंत शिकलेली, घरसंसार सांभाळणारी बाई. मोठ्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु लाल भोपळ्याचा वेल मातीत केव्हा व कसा दाबावा, हे काम मी स्वतःच्या हाताने केले आहे. आपल्यापैकी पुष्कळजणींचे घर कोकणात आहे, घरामागे थोडा परस आहे. त्यांना याचा उपयोग होईल. ज्यांना ठाकूरद्वारची गच्ची तेवढीच आहे, त्यांच्यासाठीही शेवटी थोडे सांगणार आहे.

वेल दाबायचा कशासाठी, ते आधी पाहू. भोपळ्याच्या वेलाला थोड्या थोड्या अंतरावर पेरे असतात. प्रत्येक पेराशी एक पान, एक ताणा आणि बहुधा एक कळी असते. त्याच पेराला खालच्या अंगाने बोट लावून पाहा, बारीक फुगवटा लागेल. तेथूनच मूळ निघते. ओली माती मिळाली की आठ-दहा दिवसांत ते जमिनीत उतरते. मग वेलाचे सगळे पाणी आणि खत एकट्या बुंध्यातूनच यावे लागत नाही. शिवाय वारा सुटला तरी वेल जागचा हलत नाही.

हे मी शिकले ते आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या वाडीत. त्यांचे घर श्रीवर्धन तालुक्यात. थोरले भावजी पूर्वीच गेले. नारळ-सुपारीच्या वाडीवर जाऊबाईंचा संसार चालत असे. श्रीवर्धनची रोठा सुपारी आपण सर्वजणी जाणताच. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ त्या किनाऱ्यावर आदळले आणि एका दुपारीत वाडी आडवी झाली. घर वाचले, पण उत्पन्न गेले. सुपारीचे रोप लावल्यावर फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात. तोवर खायचे काय, हा प्रश्न होता.

ज्या वाडीत कधी ऊन उतरत नव्हते, तेथे आता दिवसभर ऊन पडू लागले. शेजारच्या वाडीतील एका वयस्कर बाईंनी सुचविले, ‘नवी रोपे लावा, आणि मधल्या जागेत भोपळा लावा. झाडे मोठी होईपर्यंत ऊन फुकट कशाला घालवता?’ वेल दाबण्याची रीतही त्यांनीच दाखविली. मुलांच्या शाळा तेव्हा बंद होत्या. हे मुंबईस राहिले आणि मी मुलांना घेऊन २०२१ च्या संक्रांतीपासून गावी हाताखाली राहिले.

आता केव्हा दाबावा ते सांगते. रोप लहान असते तोवर ते उभे वाढते. महिन्याभराने ते जमिनीवर लोळते आणि धावू लागते. मुख्य वेल तीन-चार हात झाला की कामास लागावे. मात्र एकदम सगळा दाबू नये. शेंड्याकडचा एक हातभर भाग कोवळा असतो, तो मोकळाच ठेवावा. दर आठवड्यास वेल जितका पुढे जाईल, तितका मागचा भाग दाबीत जावे. वेळ दुपारनंतरची धरावी. सकाळी वेल पाण्याने भरलेला असतो, जरा वळवला की काडकन मोडतो. उन्हाने तो थोडा मऊ पडतो आणि हवा तसा वळतो.

कसा दाबावा? वेल जेथून न्यायचा तेथे खुरप्याने दोन-तीन बोटे खोल चर ओढावा. पेर जेथे येईल तेथे मूठभर जुने, कुजलेले शेणखत मातीत मिसळावे. ताजे शेण घालू नये, त्याने वेल पोळतो. वेल अलगद चरात बसवावा आणि पेरावर दोन बोटे भुसभुशीत माती ओढावी. पानाचा देठ आणि कळी मातीवर राहिली पाहिजे. माती पायाने चेपू नये, तळहाताने थोपटावी. वेल उसळत असेल तर बांबूची दुबेळकी काडी उलटी रोवून धरावा. त्यानंतर पाणी बुंध्याच्या आळ्यात घालावे तसेच दाबलेल्या पेरांवरही घालावे. बायका हेच विसरतात. मूळ आहे पण पाणी नाही, तर त्या मुळाचा काय उपयोग?

एक जागा मात्र कधी दाबू नये. जेथे फळ धरले आहे, त्याच्या दोन्ही बाजूंची दोन-दोन पेरे मोकळी ठेवावीत. फळ जसे फुगते तसा त्याचा खांदा वर येतो आणि वेलाला उचलतो. दोन्हीकडे मुळे घट्ट असली तर वेल उचलत नाही, देठावर ताण येतो आणि वाढते फळ देठाशी तुटते.

पावसाळ्यातील भोपळ्याला हा नियम थोडा बदलावा. आपल्या कोकणात आषाढ-श्रावणात जमीन चिखल होते. त्यात वेल पुरला तर मूळ धरण्याआधी तो कुजतो. म्हणून पावसाळी वेलाला उंच वरंबा करावा, चर काढू नये, आणि पेरापुरती माती वरून घालावी. दिवाळीनंतर किंवा माघात लावलेल्या भोपळ्याला मात्र नीट चर काढून दाबावे.

या कामाचा गुण आम्हांला दोनदा दिसला. त्या मार्चमध्ये एका रात्री घुशीने एका वेलाचा बुंधा कुरतडून साफ तोडला. वेलावर दोन फळे होती. आम्ही म्हटले, गेला. दोन दिवस दुपारी पाने माना टाकीत. तिसऱ्या दिवसापासून ती सावरली. सहा पेरे दाबलेली होती, त्यांच्या मुळांवर वेल जगला आणि दोन्ही फळे पिकली.

दुसरी गोष्ट मे महिन्यातली. १६ व १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले. वाडीत तेव्हा माघात लावलेले वेल फळांवर होते. पाटापलीकडची जागा दगडाळ असल्यामुळे तेथे वेल दाबता आले नव्हते. ते वाऱ्याने गुंडाळून कुंपणाला नेऊन टाकले. अलीकडच्या वेलांची पाने फाटली, पण वेल जागेवर राहिले. त्या रात्री जाऊबाई झोपल्या नाहीत. वर्षापूर्वीचा आवाज त्यांच्या कानांत होता. सकाळी कंदील घेऊन त्या वाडीत गेल्या, एकेक फळ हाताने चाचपले आणि मग मला हाक मारून म्हणाल्या, ‘ऊठ गं, चहा टाक. आहेत सगळे.’

भोपळ्याचा मोठा गुण असा की देठासकट काढला आणि कोरड्या, हवेशीर जागी ठेवला तर तो महिनोन्‌महिने टिकतो. वादळानंतर बाजार बंद असले तरी माल फुकट गेला नाही, सवडीने विकता आला.

परदेशांत प्रचंड भोपळ्यांच्या स्पर्धा भरतात. कॅनडातील नोव्हा स्कोशियाचे शेतकरी हॉवर्ड डिल यांनी त्यासाठी ‘अटलांटिक जायंट’ ही जात तयार केली. २०२३ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील हाफ मून बे येथे २,७४९ पौंडांचा, म्हणजे सुमारे १,२४७ किलोंचा भोपळा आला आणि त्या वेळी तो जगात सर्वांत वजनदार ठरला. ही मंडळीसुद्धा वेलाची पेरे मातीतच दाबतात. फरक इतकाच की ते एका वेलावर एकच फळ ठेवतात. आपल्याला घारगे करायचे आहेत, तेव्हा चार-पाच किलोंची दोन-तीन फळे पुष्कळ झाली. अख्खा भोपळा पहिल्यांदा पुरुषमाणसाने चिरायचा, अशी रीत आपल्यातील काही घरांत आहे. १,२४७ किलोंच्या भोपळ्याला तर सगळी चाळ बोलवावी लागेल!

आता गच्चीचे. तेलाचे पंधरा किलोचे रिकामे पत्र्याचे डबे घ्यावेत, तळाला भोके पाडावीत. पहिल्या डब्यात बी लावावे आणि वेल पुढच्या डब्यांवरून न्यावा. प्रत्येक डब्यात एक-एक पेर दाबावे. एका डब्यातली माती वेलाला पुरत नाही, चार डब्यांची पुरते. पण ओल्या मातीचे वजन फार असते. आपल्या जुन्या चाळींच्या लाकडी गॅलरीत हे डबे ठेवू नयेत. गच्चीवरही भिंतीच्या कडेने आणि सर्वांना विचारूनच ठेवावेत. फळ लहान येईल, पण पाल्याची भाजी आणि फुलांची भजी नक्की मिळतील.

जाऊबाईंची सुपारीची रोपे आता माझ्या डोक्यावर गेली आहेत, वाडीत पुन्हा सावली येऊ लागली आहे. तरीही कुंपणाकडची उन्हाची पट्टी त्यांनी भोपळ्यासाठी राखून ठेवली आहे. त्या म्हणतात, ‘सगळे घर एका मुळावर टांगायचे नाही.’ भगिनींनो, आपल्या घरांनाही हे लागू आहे. एकाच मिळकतीवर घर चालत असेल, तर शिवण म्हणा, पापड-मसाले म्हणा, मुलींचे शिक्षण म्हणा, दिवस बरे असतानाच एखादे पेर मातीत दाबून ठेवावे. मूळ धरायला वेळ लागतो, वारा मात्र सांगून येत नाही.

जाऊबाईंच्या वाडीतले थोडे बी मी पुड्या बांधून आणले आहे. ज्यांना हवे असेल त्यांनी जाताना घेऊन जावे.