कॅसलरॉक : सीमेवरच्या एका स्थानकाचा इतिहास



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना प्रथम अभिवादन करतो. अशा व्याख्यानासाठी मोठा विषय घ्यावा असा संकेत आहे. मी मात्र जोयडा तालुक्यातील एक लहानसे रेल्वे स्थानक निवडले आहे. लोंढ्याहून गोव्याकडे निघालेली गाडी तिनईघाट मागे टाकून कॅसलरॉकला येते आणि तेथून सह्याद्रीचा उतार सुरू होतो. गाड्या इथे थांबतात त्या मुख्यतः ब्रेक तपासण्यासाठी आणि जादा इंजिनांच्या जोडणीसाठी. चढणारे-उतरणारे प्रवासी मोजकेच. एवढ्या दाट अरण्यात हे स्थानक कोणी आणि कशासाठी उभारले, याचा आज विचार करू.

या स्थानकाचे मूळ एका तहात आहे. डिसेंबर १८७८ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांनी लिस्बन येथे करार केला. इंग्रजांना गोव्यातील मिठावर आणि जकातीवर नियंत्रण हवे होते. पोर्तुगिजांना मुरगावचे बंदर देशाच्या आतील भागाशी जोडायचे होते. नुकताच १८७६-७८ चा भीषण दुष्काळ होऊन गेला होता आणि धान्य वेळेवर पोहोचवण्यास रेल्वे हवी, हे सर्वांना पटले होते. त्यातून दोन कंपन्या निघाल्या : मुरगावहून घाट चढणारी वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे आणि पठारावरची सदर्न मराठा रेल्वे. १८८७ मध्ये मुरगाव ते सावर्डे मार्ग सुरू झाला आणि १८८८ मध्ये घाटातील भाग. दोन रेल्वे, दोन राज्ये आणि दोन कायदे जिथे भेटले, ते ठिकाण म्हणजे कॅसलरॉक. किल्ल्यासारख्या दिसणाऱ्या खडकावरून हे नाव पडले असे सांगतात. गावाचे नावसुद्धा परक्या माणसाच्या नजरेतून आले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

कॅसलरॉक ते कुळे हे अंतर सुमारे २६ किलोमीटर. दर ३७ फुटांमागे एक फूट, असा या घाटाचा चढ आहे. एका इंजिनाने गाडी वर जात नाही. मागून ढकलणारी इंजिने लागतात. बोगदे, पूल आणि दूधसागरच्या धबधब्यासमोरून जाणारी वाट, हे सारे वर्षाकाठी महिनोन्‌महिने कोसळणाऱ्या पावसात आणि हिवतापाच्या प्रदेशात मजुरांनी केले. कंपनीमागे उभ्या राहिलेल्या ड्यूक ऑफ सदरलंड यांचे नाव इतिहासात आहे. ज्याने पहारीने खडक फोडला त्याचे नाव नाही.

१८९२ मध्ये हा तह संपुष्टात आला. पूर्वी एक झालेली जकात पुन्हा दोन झाली आणि कॅसलरॉकला खरे महत्त्व चढले. अलीकडे कॅसलरॉकला एक जकातनाका, पलीकडे कुळ्याला दुसरा. मुंबईला नोकरीसाठी निघालेले गोवेकर, जहाजावरचे तारवटी, सुट्टीत घरी परतणारी बिऱ्हाडे, या सर्वांना इथे ट्रंका उघडून दाखवाव्या लागत. हे गाव त्या काळी मुंबई इलाख्याच्या उत्तर कानडा जिल्ह्यात होते. लोंढा, बेळगाव, मिरज करीत गाडी पुण्याला जाई आणि तेथे रुंद रुळांवरची गाडी बदलून मुंबई गाठावी लागे. व्यापार मात्र अपेक्षेइतका मुरगावकडे वळला नाही. पोर्तुगीज सरकारला हमी दिलेल्या व्याजाचा बोजा वर्षानुवर्षे सोसावा लागला. १९०२ पासून पलीकडच्या मार्गाचा कारभारही सदर्न मराठा रेल्वेच पाहू लागली.

स्वातंत्र्यानंतर ही सीमा अधिकच टोचू लागली. १९५५ च्या ऑगस्टमध्ये देशभरातून सत्याग्रही गोव्याच्या हद्दीकडे निघाले; कॅसलरॉकच्या बाजूनेही तुकड्या गेल्या. त्याच वर्षी रेल्वे वाहतूक बंद झाली. ज्या रुळांनी दोन राज्ये जोडली, त्यांवर पुढे सहा वर्षांहून अधिक काळ सीमा ओलांडणारी गाडी धावली नाही. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि १९६२ मध्ये मार्ग पुन्हा खुला झाला. सीमा गेली, हे आनंदाचेच. पण तिच्याबरोबर नाका गेला, आणि नाक्यावर पोट असलेल्यांचा उद्योगही गेला.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९९० च्या दशकात मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आले. १९९८ मध्ये कोकण रेल्वे राष्ट्राला अर्पण झाली आणि मुंबई-गोवा प्रवासी तिकडे वळले. या घाटात उरली ती मुख्यतः लांबच्या गाड्यांची आणि खनिज-कोळशाची वाहतूक. तिच्यासाठी दुपदरीकरणाची योजना पुढे आली; कॅसलरॉक ते कुळे या भागासाठी वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मान्यता सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. हे अरण्य किती मोलाचे आहे, याची साक्ष एका बेडकाने दिली आहे. २००५ मध्ये इंद्रनील दास आणि कृष्णमेघ कुंटे यांनी येथील एका नव्या जातीचे वर्णन केले; तिच्या शास्त्रीय नावात खडकाचाच निर्देश आहे.

मित्रहो, या इतिहासातून मला एकच गोष्ट सांगायची आहे. कॅसलरॉकचे भाग्य नेहमी दुसरीकडे ठरले : लिस्बनमध्ये, लंडनमध्ये, दिल्लीत. कागद तिकडे जपले गेले. इथल्या माणसांच्या आठवणी मात्र तोंडीच राहिल्या. तोंडी आठवणींचे काय होते, हे याच तालुक्याने पाहिले आहे. तालुक्याचे मूळ ठाणे सुपा काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली गेले. ठाणे जोयड्याला हलले, तालुक्याचे नाव बदलले, अनेक कुटुंबे रामनगरला वसली. सुप्याचा बाजार कुठे भरत असे, हे सांगू शकणारी माणसे आता दरवर्षी कमी होत आहेत. स्थानक जागेवर उभे असले तरी त्याच्या आठवणींची गत याहून वेगळी नाही.

म्हणून शाळेला एक विनंती करतो. ज्यांच्या घरात कोणी हमाल, खलाशी, पॉइंट्समन, गँगमन किंवा नाक्यावरचा शिपाई होता, त्या विद्यार्थ्यांनी आजी-आजोबांकडे बसावे. नाव, गाव, साल आणि काम लिहून घ्यावे. मराठीत सांगितले तर मराठीत, कोकणीत वा कानडीत सांगितले तर त्या भाषेत. ती वही शाळेच्या ग्रंथालयात राहू द्या. माजी विद्यार्थ्यांनी घरातील जुने दाखले आणि छायाचित्रे तिला जोडावीत. राजांचे तह जपायला दप्तरखाने आहेत. गँगमनचे नाव जपायला त्याची नातवंडेच हवीत.