वाजवी आकाराची पाटी

वकील, डॉक्टर, सीए किंवा आर्किटेक्ट म्हणून नव्याने पाटी लावणाऱ्या तरुणाला एक सल्ला हमखास ऐकावा लागतो: “चार लोकांत मिसळ, ओळखी वाढव.” ज्याला माणसांत रमायला आवडतं, त्याला हे सांगावंच लागत नाही. ज्याला आवडत नाही, तो लग्नसमारंभातून सगळी व्हिजिटिंग कार्डं खिशात तशीच घेऊन परततो. अशा भिडस्त माणसाची प्रॅक्टिस जमायची कशी?

गंमत म्हणजे आपल्याकडच्या नियमांनी त्याची बाजू आधीच घेऊन ठेवली आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा ३६वा नियम वकिलाला जाहिरात करू देत नाही, दलालामार्फत किंवा ओळखदेख नसताना भेटी घेऊन काम मागू देत नाही. दारावरची पाटीसुद्धा वाजवी आकाराची हवी, आणि अमुक खटल्यांतला तज्ज्ञ असं तिच्यावर लिहायचं नाही. २००८मध्ये संकेतस्थळाची मुभा मिळाली, तीही नाव, पत्ता, शिक्षण, कामाचं क्षेत्र अशा ठरावीक मजकुरापुरती. डॉक्टरांना २००२च्या नियमावलीनुसार औषधाच्या दुकानावर आपली पाटी लावता येत नाही. मात्र दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, काही दिवस रजेवर आहोत, असं निवेदन वर्तमानपत्रात देता येतं. म्हणून तर ‘डॉक्टर बाहेरगावी गेल्याने दवाखाना बंद राहील’ अशी छोटी चौकट आपण वाचतो. दवाखाना बंद असल्याचं छापता येतं, तो उत्तम चालतो हे छापता येत नाही!

सनदी लेखापालांचा १९४९चा कायदाही पत्रकं वाटून, भेटी घेऊन अशील मिळवण्याला गैरवर्तन मानतो. पण त्यात एक सोय आहे. एका सीएने दुसऱ्या प्रॅक्टिसमधल्या सीएकडे काम मागितलं, तर ते चालतं. मुंबई-पुण्याच्या फर्मला परगावच्या शाखेचं काम स्वतः जाऊन करणं परवडत नाही. तिथल्या भरवशाच्या माणसाची तिला गरज असते. शंभर अनोळखी व्यापाऱ्यांपुढे हात जोडण्यापेक्षा आर्टिकलशिपच्या दिवसांतल्या दोन मित्रांशी बोलणं अबोल माणसाला केव्हाही सोपं.

ओळखी न काढताही नाव कमावता येतं. विधिज्ञ नानी पालखीवाला यांचं उदाहरण तर मुंबईतलंच. लहानपणी ते अडखळत बोलत. १९४४मध्ये ते सर जमशेदजी कांगा यांच्या चेंबरमध्ये दाखल झाले आणि १९५०मध्ये दोघांच्या नावाने प्राप्तिकर कायद्यावरचा भाष्यग्रंथ आला. तेव्हा पालखीवाला जेमतेम तिशीचे होते. करविषयक खटला लढवणाऱ्याच्या टेबलावर ज्याचं पुस्तक उघडं असतं, त्याला आपली ओळख करून द्यावी लागत नाही. पुढे १९५८मध्ये त्यांनी ग्रीन्स हॉटेलच्या छोट्या सभागृहात अर्थसंकल्पावर भाषण दिलं. श्रोते वाढत गेले आणि शेवटी त्याच वार्षिक भाषणासाठी ब्रेबॉर्न स्टेडियम घ्यावं लागलं. पालखीवालांची बुद्धी प्रत्येकाकडे नसते, हे मान्य. पण चहाच्या वेळी कोपऱ्यात उभी राहणारी माणसं व्यासपीठावर अनेकदा खुलतात, कारण तिथे विषय ठरलेला असतो आणि गप्पा सुरू कशा करायच्या हा पेच नसतो.

ओळखी लागतच नाहीत, असा याचा अर्थ नाही. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३च्या गाजलेल्या लेखात बॉस्टनजवळच्या न्यूटन इथल्या नोकरदारांची माहिती दिली आहे. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी फक्त १६.७ टक्के लोकांची ती ओळख नेहमीच्या भेटीगाठींतली होती. ५५.६ टक्के अधूनमधून भेटणाऱ्यांमुळे आणि २७.८ टक्के क्वचित भेटणाऱ्यांमुळे नोकरीला लागले. जिवलग मित्राला जे ठाऊक असतं ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतं. नवी बातमी येते ती दूरच्या माणसाकडून. अभ्यास नोकऱ्यांचा होता, पण अशिलांच्या बाबतीतही हे पटण्यासारखं आहे. दर आठवड्याला सकाळी भेटणारे व्यावसायिकांचे गट असतात. इव्हान मिस्नर यांनी १९८५मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या बीएनआय या अशाच संस्थेत एका गटात एका व्यवसायाचा एकच सभासद घेतात. ज्यांना मानवतं त्यांनी खुशाल जावं. दूरच्या ओळखी जपायला मात्र दर आठवड्याला भेटावं लागत नाही.

उदाहरणादाखल सांगलीच्या मार्केट यार्डातला हळदीचा अडत्या डोळ्यांसमोर आणा. जीएसटीची नोटीस पोर्टलवर येऊन पडली आहे, तीही ‘ॲडिशनल नोटिसेस’च्या कप्प्यात, जिथे कुणी फारसं डोकावत नाही. ती सापडते त्याच्या दिवाणजीला. दिवाणजी सल्ला कुणाचा घेईल? ज्याने मागे कधी त्याच्या प्रश्नाला न खेकसता उत्तर दिलं होतं, त्या सीएचा. एएसएमटी-१० ही नोटीस आली की एएसएमटी-११ या नमुन्यात खुलासा द्यायचा, त्याला साधारण तीस दिवसांची मुदत असते, आणि कागद कुठले जोडायचे, हे त्या सीएने आपल्या अशिलांसाठी साध्या मराठीत एका पानावर लिहून दिलेलं असतं. ते पान यार्डभर फिरतं. मालकाच्या मुलाशी दोस्ती करण्यापेक्षा दिवाणजीचा फोन उचलणं जास्त कामाचं.

बहुतेक व्यावसायिक जुन्या अशिलांशी असा संपर्क ठेवणंच टाळतात. काम संपलं, फी आली, फाइल बांधून माळ्यावर गेली. पुन्हा विचारपूस नाही. नव्या माणसांच्या मागे धावणारेच जुन्यांना विसरतात. तेव्हा गर्दी नकोशी वाटणाऱ्या श्रोत्यांना एवढीच विनंती: दोन वर्षांपूर्वी संपलेल्या कामांपैकी तीन फायली या आठवड्यात काढा आणि त्या माणसांना विचारा, पुढे त्या प्रकरणाचं काय झालं? काम मात्र मागू नका. फोन करायला संकोच वाटत असेल, तर चार ओळींचं पत्रही चालेल.