बंद पडलेले खेळ



१९९५ साली कार्टून नेटवर्क भारतात आलं. आमच्याकडे केबल नव्हती. शाळा सुटली की मैत्रिणीच्या घरी ‘टॉम अँड जेरी’ बघायचे. रात्री त्याच चॅनेलवर टीएनटीचे इंग्रजी सिनेमे सुरू होत, म्हणजे घरी जायची वेळ झाली! पुढे डेक्स्टर आला. त्याच्यासारखी प्रयोगशाळा मलाही हवी होती. घरचे मात्र मला नको ती बटणं दाबणारी डीडीच म्हणत.

नंतर या चॅनेलचे फ्लॅशमधले खेळ मी लेकीबरोबर खेळले. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशच बंद झालं. सॉफ्टवेअर कधीतरी बंद पडतंच, हे माझ्या रोजच्या कामातलं. तरी वाईट वाटलं. मग जाणवलं, त्या मैत्रिणीला वीस वर्षांत आपण फोनही केला नाही.

त्याच रात्री केला. आज ती पहिल्या रांगेत बसली आहे.